विश यू वेअर हिअर : नक्की गैरहजर कोण?

विरारफास्ट (धागाकर्ता)

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम १२ सप्टेंबर १९७५ला ब्रिटनमध्ये आला, म्हणजे पन्नाशी उलटली. त्यांच्याच 'डार्क साईड'वर इथे दोन धागे शंभरी गाठून गेले, 'द वॉल'वर मारामाऱ्या झाल्या, पण याच्यावर स्वतंत्र धागा मला सापडला नाही. असल्यास संपादकांनी हा खुशाल उडवावा.

आधी माझी गोष्ट. साल ९३, मी अकरावीत, रोज वसई ते चर्चगेट. एका मित्राच्या मोठ्या भावाकडे एलपी होती. त्याने टीडीकेच्या ९०च्या कॅसेटवर एका बाजूला अख्खा अल्बम भरून दिला. अल्बम ४४ मिनिटांचा, बाजू ४५ची, म्हणजे तसा मापात. पण त्याचा डेक जरा पळायचा, शिवाय सुरुवातीला थोडी टेप कोरी सुटलेली. त्यामुळे अगदी शेवटी, सिंथेसायझर विरत चाललेला असताना, खट्. प्लेचं बटण वर. अकरा वर्षं माझ्यासाठी हा अल्बम 'खट्'नेच संपायचा. आणि खरं सांगू, मला तो शेवट आवडायचाही. बोलता बोलता समोरचा उठून गेल्यासारखा.

२००४मध्ये ऱ्हिदम हाउस या मुंबईतल्या रेकॉर्डच्या दुकानातून सीडी आणली. खट् व्हायची वेळ आली, झालं नाही, सूर पुढे चालू राहिले आणि त्यात एक एवढीशी धून आली, बालगीतासारखी. पुढे कधीतरी वाचलं की ती 'सी एमिली प्ले'ची, १९६७मध्ये सिड बॅरेटने लिहिलेल्या गाण्याची. सिड म्हणजे बँडचा मूळ गायक, मनाचा तोल गेल्यावर बाहेर पडलेला. बँडच्या कीबोर्डवाल्या रिक राईटने जाता जाता वाजवून ठेवलीय. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच खूण अल्बमात आहे आणि नेमकी तीच माझ्या कॅसेटवर नव्हती!

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. हा अल्बम गैरहजेरीबद्दल आहे हे सगळेच म्हणतात. पण कोणाच्या? फक्त सिडच्या? मला वाटतं बँडच स्वतःच्या अल्बमातून गायब आहे. बँडची गाणी लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सनेच पुढे सांगितलंय की त्या रेकॉर्डिंगला बहुतेकांना तिथे असावंसंच वाटत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं? सवडीने लिहा, मी रात्री वाचतो. आता बोरिवली गेलं, रेंज जाईल.

चहाबाज

जागा पकडून ठेवतो.

काळाघोडा

विरारफास्ट, धाग्याबद्दल आभार. ऱ्हिदम हाउसचं नाव काढलंत आणि २०१६मध्ये ते बंद झालं तेव्हाची हळहळ परत वर आली. तिथल्या बूथमध्ये उभं राहून निम्मे अल्बम फुकट ऐकलेला मी माणूस.

पण हा एलपी माझ्याकडे बाहेरून आला. मेहुणा मर्चंट नेव्हीत होता, ७७ साली त्याने आणला. वरून सगळा काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. आत कव्हर काय आहे, कळायला मार्ग नाही. फक्त एक गोल स्टिकर, त्यावर दोन यांत्रिक हात हस्तांदोलन करतायत. हे मुद्दाम केलेलं. कव्हर करणाऱ्या स्टॉर्म थॉर्गरसनचं म्हणणं, अल्बमच गैरहजेरीबद्दल, तर कव्हरनेही गैरहजर राहावं. माझ्या मेहुण्याला वाटलं, माल सडू नये म्हणून पॅकिंग केलंय.

मी दाढीच्या ब्लेडने कडेची शिवण तेवढी कापली, प्लॅस्टिक काढलंच नाही. आजही ते अंगावर आहे, पिवळट पडलंय. कव्हर बघायचं तर सरकवून बाहेर काढावं लागतं. दोन सुटातली माणसं हात मिळवतायत आणि त्यातला एक पेटलाय. हे काही चित्र जोडून केलेलं नाही हो. रॉनी राँडेल नावाच्या स्टंटमनला हॉलिवूडच्या एका स्टुडिओच्या आवारात खरोखर पेटवलं होतं. वारा उलटा फिरला तेव्हा त्याची मिशी जळली.

आणि आत एक पोस्टकार्ड. एका तळ्यात माणूस डोकं खाली पाय वर, अर्धा पाण्यात, आणि पाण्यावर एक तरंग नाही. हे कार्ड आमच्या सौ.ने एकदा वाण्याच्या हिशेबाला वापरलं. मागे '१ किलो तूरडाळ' लिहिलेलं आहे.

सहावी_तार

काका, त्या कार्डाचा फोटो टाका प्लीज. तूरडाळीच्या बाजूचाही.

माझं म्हणणं थोडं वाजवण्याच्या अंगाने. सिडवरचं 'शाईन ऑन यू क्रेझी डायमंड' सुरू झाल्यावर माणसाचा आवाज यायला साडेआठ मिनिटांच्या वर लागतात. इतका वेळ गाणारा येतच नाही. आधी नुसता धुक्यासारखा सूर, त्यातला काही भाग पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासांच्या कडांवरून बोट फिरवून काढलेला. 'डार्क साईड'नंतर वाद्यांऐवजी घरातल्या वस्तू वाजवून अल्बम करायची टूम यांनी काढली होती. ती फसली, ग्लास तेवढे उरले.

मग चारेक मिनिटांनी बँडच्या गिटारवाल्या गिल्मोरचे ते चार सूर. बी फ्लॅट, एफ, जी, ई. गाणं जी मायनरमध्ये, म्हणून जीला सा धरा. मग हे होतात कोमल ग, कोमल नी, सा, शुद्ध ध. म्हणजे काफी थाटाचे सूर झाले. आता गंमत बघा. तिसरा सूर सा आहे. माणूस घरी पोचला. तिथे थांबायला हवं. हा थांबत नाही, उठून ध वर जाऊन बसतो आणि तिथेच लटकत राहतो. दारापर्यंत येऊन आत न येणारा पाहुणा. आमच्या क्लासमध्ये पेटीवर वाजवून दाखवलं तर सर म्हणाले, "पुढे काय?" म्हटलं, पुढे काही नाही, हेच परत. सर उठून चहाला गेले.

उसळपाव

सगळं छान आहे, पण जरा पाय जमिनीवर ठेवूया का? कृपया हलके घ्या.

'डार्क साईड'नंतर ही चार माणसं पैशात लोळत होती. मग त्यांना साक्षात्कार झाला की रेकॉर्ड कंपन्या वाईट असतात. 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार' ही दोन गाणी कंपनीला शिव्या. रेकॉर्ड कुठे केली? ॲबी रोडला. स्टुडिओ कोणाचा? ईएमआयचा. अल्बम कोणी काढला? ईएमआयने. म्हणजे सासऱ्याच्या घरी राहून सासऱ्याच्याच चहाला नावं ठेवणं. वर आपण पन्नास वर्षांनी त्यात थाट आणि राग शोधतोय. एक मित्र वेडा झाला, त्याची आठवण आली, गाणं झालं. संपलं.

चहाबाज

उसळपाव +१. निदान सासऱ्याच्या चहापुरतं.

विरारफास्ट

उसळपाव, तुमचा मुद्दा बँडला माहीत नव्हता असं वाटतं का तुम्हाला? 'हॅव अ सिगार'मधला कंपनीचा साहेब बँडची तोंड फाटेपर्यंत स्तुती करतो आणि मग विचारतो, बरं, तुमच्यातला पिंक कोण? आणि ते गाणं गायलंय कोणी? चौघांपैकी कोणीच नाही. वॉटर्सचा आवाज 'शाईन ऑन' गाऊन गाऊन बसला होता, गिल्मोरला ते शब्द गायचे नव्हते. शेजारच्या खोलीत रॉय हार्पर हा दुसरा गायक स्वतःचा अल्बम करत होता, त्याला बोलावलं. म्हणजे 'यांच्यात पिंक कोण' हा प्रश्न पिंक फ्लॉइडच्या अल्बमात एक बाहेरचा माणूस विचारतोय. ठरवून केलं नसेल, पण मला तरी याहून चपखल काही सुचलं नसतं.

आणि ते संपताना काय होतं? भरलेला आवाज एकदम आक्रसून छोट्या रेडिओतून यावा तसा होतो. कोणीतरी खुंटी फिरवतंय, खरखर, माणसांचं बोलणं, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा, मग एक पातळ गिटार. आणि मग आपल्या जवळ, अगदी खोलीत बसल्यासारखी दुसरी गिटार त्याच्यावर साथ करायला लागते. मध्येच माणूस खोकतो. रेडिओतल्या माणसाला पत्ताही नाही की इथे कोणी त्याच्याबरोबर वाजवतंय. माझ्या मते अख्ख्या अल्बमचा अर्थ या एका मिनिटात आहे.

काळाघोडा

हे बाकी खरं. आमच्याकडे मर्फी होता, ती खुंटी फिरवल्याशिवाय ते मिनिट कळत नाही.

एक सुचलं. 'विश यू वेअर हिअर' हे साहेबाच्या देशात सहलीला गेल्यावर पोस्टकार्डावर लिहायचं ठरीव वाक्य आहे. हवा छान आहे, तू असतास तर मजा आली असती. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा तसं वाटतही नसतं. म्हणून तर आत पोस्टकार्ड घातलंय. आपल्याकडे 'तू इथे असतास तर' असं भाषांतर करतात ते मला पटत नाही, त्यात नाट्यगीताचा भाव येतो. आपलं ठरीव वाक्य 'इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवणे' किंवा 'लोभ असावा'. माझे वडील सावकारालासुद्धा 'लोभ असावा' लिहायचे. अशा गुळगुळीत झालेल्या वाक्यात कोणी एके दिवशी खरंच जीव ओतला तर काय होईल, ते हे गाणं.

सहावी_तार

काका, दंडवत. अल्बमचं मराठी नाव ठरलं : 'लोभ असावा'.

गच्चीवरची

इथे सहसा वाचनमात्र असते. पण उसळपाव यांचं 'एक मित्र वेडा झाला, गाणं झालं, संपलं' हे वाचून लिहावंसं वाटलं. रागावले नाहीये.

आईचा एक चुलतभाऊ होता, आम्ही दादामामा म्हणायचो. गिरगावात चाळीत दुसऱ्या मजल्यावर. शाळेत असताना गणितात कायम पहिला, तबला वाजवायचा. विसाव्या वर्षी काहीतरी बिनसलं आणि हळूहळू बोलणं बंद झालं. मी पाहिला तो गॅलरीत खुर्चीवर बसलेला जाडसर माणूस. बेस्टच्या तिकिटांच्या घड्या घालायचा. घडी, परत घडी, तांदळाएवढी होईपर्यंत, आणि मग ती कठड्याच्या लाकडातल्या फटीत दाबून बसवायचा. पाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "काय हुशार होता हो दादा!" होता. आणि दादा तिथेच, दोन हातांवर, घडी घालतोय. मला लहानपणी वाटायचं की हे दुसऱ्याच कोणा दादाबद्दल बोलतात, जो वारला.

आता ५ जून १९७५. ॲबी रोडच्या स्टुडिओत एक लठ्ठ माणूस येऊन बसतो. डोकं भादरलेलं, भुवया पण काढलेल्या. बँडला वाटतं, स्टाफपैकी कोणी असेल. बऱ्याच वेळाने कळतं की हा सिड आहे. कोणी रडलं, वॉटर्सही रडला म्हणतात. ही गोष्ट सगळे फॅन अंगावर काटा आला वगैरे म्हणून सांगतात. मला दर वेळी वेगळाच राग येतो. तू इथे हवा होतास असं म्हणणारा अल्बम चालू आहे आणि तो इथे आहे! समोर सोफ्यावर! यांना हवा होता तो सडसष्ट सालचा, कुरळ्या केसांचा. हा चालणार नव्हता.

त्यानंतर तो तीस वर्षं जगला. केंब्रिजला परत गेला, सिड हे नाव टाकून दिलं, आईवडिलांनी ठेवलेलं रॉजर लावायचा, चित्रं काढायचा, बागेत काम करायचा. ७ जुलै २००६ला गेला. आपण फॅन लोक ती तीस वर्षं 'हरवलेली' म्हणतो. त्याच्याकडून बघितलं तर हरवलं कोण?

दादामामा गेल्यावर काही वर्षांनी चाळ रंगवायला काढली. रंगाऱ्याने पटाशीने फटी साफ केल्या तर घड्याच घड्या. पार्ले बिस्किटाचा पत्र्याचा डबा भरला. तो डबा आईकडे आहे.

विरारफास्ट

गच्चीवरची ताई, काय लिहावं कळत नाहीये. तीनदा वाचलं.

एकच भर घालतो. बऱ्याच जणांना वाटतं की सिड स्टुडिओत आला म्हणून 'शाईन ऑन' लिहिलं. तसं नाही. ते गाणं १९७४मध्येच मैफिलीत वाजत होतं. रिक राईट सांगायचा, सिड आला तेव्हा नेमकं त्याच गाण्याचं काम चालू होतं. म्हणजे स्वतःच्या शोकसभेला माणूस जिवंत येऊन मागच्या रांगेत बसला आणि व्यासपीठावरून कोणी ओळखलं नाही.

उसळपाव

ताई, शब्द मागे घेतो. 'संपलं' म्हणायला नको होतं.

सासऱ्याच्या चहाचा मुद्दा मात्र कायम.

भोंगा

मी 'वेलकम टू द मशीन'वाल्या पंगतीतला, त्यावर कोणीच काही बोलेना म्हणून आलो.

वडील परळला गिरणीत, स्पिनिंग खात्यात. आम्ही लालबागला. या गाण्याची सुरुवात ऐका. आधी घरघर, मग धप्प धप्प असा ठोका, मशीन सुरू व्हावं तसा. वॉटर्सने तो व्हीसीएस३ सिंथेसायझरवर काढलाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बारावीत आणि बाबा भाकरी खात होते. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कुठलं खातं?" शपथेवर सांगतो, हाच प्रश्न. मी म्हटलं इंग्रजी गाणं आहे. म्हणाले, "असेल, पण पट्टा सैल आहे."

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. कधी मिटला असं कोणी सांगू शकत नाही, कारण तो रीतसर मिटलाच नाही. बाबा परत गिरणीत गेले नाहीत. पुढे काही वर्षं ते भोंग्याच्या वेळेला उठून, दाढी करून, सदरा घालून बसायचे. भोंगा वाजत नव्हता. गैरहजेरी म्हणजे काय हे मला त्या सदऱ्यावरून कळलं.

गंमत पुढे. आठ-दहा वर्षांपूर्वी लोअर परळला गिरणीच्या कंपाउंडमधल्या एका पबमध्ये फ्लॉइडची गाणी वाजवणारा एक बँड ऐकायला गेलो. लोखंडी तुळया तशाच ठेवलेल्या, शोभेसाठी. पोरांनी 'मशीन' फर्मास वाजवलं, सगळे मोबाईल वर. मी वर बघत होतो, पट्टा कुठून जात असेल.

वॉटर्सला त्यात संगीताचा धंदा अभिप्रेत होता हे मला माहीत आहे. उसळपाव, चार श्रीमंतांची कुरकुर आहे हेही मान्य. पण गाण्यातलं यंत्र त्या पोराला म्हणतं की तू कुठे होतास, काय स्वप्नं बघितलीस, सगळं आम्हाला ठाऊक आहे, कारण ती स्वप्नं आम्हीच दिली. एवढं ऐकल्यावर ते ईएमआयपुरतं कसं ठेवायचं?

संपादक मंडळ

संपाच्या राजकारणावर आलेले चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

सहावी_तार

भोंगा, "पट्टा सैल आहे" ही आजवरची सर्वोत्तम संगीत समीक्षा. शिवाय बाबा चुकलेले नाहीत. त्या गाण्यात ताल मध्येच चारऐवजी तीनचा, सातचा होतो, ठोका पायाखालून सरकल्यासारखा वाटतो.

अवांतर : १८ फेब्रुवारी २००७, बीकेसी, एमएमआरडीए मैदान, वॉटर्सचा कार्यक्रम. कोण कोण होतं?

काळाघोडा

होतो. गुडघा धरून उभा होतो. 'शाईन ऑन' सुरू झालं तेव्हा सिडला जाऊन जेमतेम सात महिने झाले होते. पण ते चार सूर गिल्मोरचे, आणि गिल्मोर नाही. दुसराच माणूस वाजवत होता, हुबेहूब. हुबेहूब होतं म्हणूनच जास्त चुकल्यासारखं वाटलं. 'विश यू वेअर हिअर'ला मात्र सगळं मैदान गायला लागलं आणि माझ्या शेजारचा भेळवाला मला म्हणाला, "काका, आरती आहे का?"

गच्चीवरची

भेळवाला बरोबर होता.

सगळ्यांचे आभार. उसळपाव, तुमचेही. आईला हा धागा वाचून दाखवला. गाणं ऐकवलं तर म्हणाली, "सुरुवात फार लांबवलीय, पण दादाला आवडलं असतं." तिने पहिल्यांदाच 'होता' न म्हणता त्याच्याबद्दल काही म्हटलं.

कांदेपोहे_२

उशिरा येतोय. वय २२, अल्बम काल पहिल्यांदा पूर्ण ऐकला, तोही विरार लोकलमध्ये उभ्याने. धागाकर्त्यांनी सांगितलेली शेवटची धून काही सापडली नाही. कितव्या मिनिटाला आहे?

विरारफास्ट

शेवटचा ट्रॅक, 'शाईन ऑन'चा दुसरा अर्धा भाग. बारा मिनिटं उलटली की कान टवकारा. आवाज खाली जात असतो, म्हणून तुम्ही वर करा. लोकलमध्ये नाही ऐकू येणार, मला तर अकरा वर्षं लागली.

कांदेपोहे_२

घरी लावलं. नाही ऐकू आलं.

विरारफास्ट

हेडफोन लावा. पंखा बंद करा.

कांदेपोहे_२

पंखा बंद केला, बाबा उठून आले, लाईट गेली का विचारतायत. थांबा, परत लावतो.